यंत्राच्या पोटातलं कुंकू

रायपूरबाहेर नवं रायपूर ही नवी राजधानी उभी राहिली आणि तिथल्या कचेऱ्यांना टोकन नंबर दाखवणाऱ्या पाट्या लागू लागल्या. रायपूरच्या शंकर नगरातल्या आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर मी आणि माझा धाकटा दीर त्या बनवू लागलो. डिझाइन माझं, जोडणी त्याची, भांडण दोघांचं. मी आतलं काम तीन कार्डांत, म्हणजे सर्किटच्या तीन सुट्या पट्ट्यांत, विभागलं होतं. कुठलंही कार्ड नुसतं ओढून काढता यावं, उलटं बसूच नये आणि ठीक असलं की त्यावर हिरवा दिवा लागावा, असा माझा हट्ट. दीर म्हणायचा, "वहिनी, एकाच कार्डात सगळं मावते. अपना माल बिगडता नहीं." या वाक्याची मला भारी चीड. न बिघडणारी वस्तू मी अजून पाहिलेली नाही.

पहिली पाटी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नव्या रायपूरला लागायची होती. ती नीट चालली तरच पुढचं काम मिळणार होतं. दसऱ्याला सासूबाईंनी नेहमीप्रमाणे सोल्डरिंग गन, मीटर, सगळ्यांची पूजा केली. त्या पाटीपाशी आल्या तेव्हा दिरानं मागचं झाकण उघडून दिलं. "बाहेरून काय लावून राहिली आई, आत लाव." त्यांनी भक्तिभावानं ओलं हळदकुंकू लावलं आणि वर फुलानं पाणी शिंपडलं. मग दिरानं बटण दाबलं. चट्‌ असा आवाज झाला आणि पाटी काळीठिक्कर पडली.

मी वरून पुऱ्या तळायच्या सोडून धावत आले. दोन हिरवे दिवे लागलेले, मधला बंद. बिघाड कुठे आहे ते लगेच कळल्यामुळे मला हसूच आलं. पण सासूबाई डोळे पुसत बसल्या होत्या.

"माह्याच हातानं तुमचं काम बुडालं. मले जेवाले नका बोलावू."

मला त्या माउलीचं फार वाईट वाटलं. मी मेन बंद केलं, आतलं सगळं पुसून वाळवलं आणि शिलकीतलं कार्ड त्यांच्याच हातात दिलं.

"मले काय येते त्यातलं?"

"मधलं ओढून काढा, आई, आणि हे बसवा. चुकायची सोयच नाही."

त्यांनी बांगड्या मागे सारल्या. जुनं कार्ड निघालं, नवं टक्‌कन बसलं. मी बटण दाबलं तसे नंबर लखलखले. सासूबाई पदराला हात पुसत दिराला म्हणाल्या, "उद्या मी पण येते नव्या रायपूरले. बिघडली तं पाहाले कोणी पाहिजे ना."