ओला चमचा

गरम टोमॅटो मिक्सरमध्ये फिरवले आणि झाकणच उडालं. भिंतीवरचं लाल पुसून, उरलेलं गाळून, दुपारभर आटवून जेमतेम दोन बाटल्या सॉस झाला. बाटल्या उकळून उन्हात कोरड्या केल्या होत्या; वसतिगृहातली लेक दिवाळीला येईपर्यंत तो टिकायला हवा होता.

झाकणं लावणार, तेवढ्यात ह्यांनी नळाखालचा ओला चमचा आधी एकीत बुडवला, मग दुसरीत.

“अहो, पाणी गेलं ना आत! आता बुरशी येईल.”

“धुऊनच घेतला की चमचा. फक्कड झालाय!”

या घरात टिकवायचं माझ्याकडे, चव बघायचं ह्यांच्याकडे. लोणची, मुरांबे, नातेवाईक, सगळ्याचंच तसं.

रात्री जेवताना लेकीचा फोन आला. “आई, माझा सॉस झाला?”

“झाला,” म्हटलं, आणि पोळीला आणखी थोडा लावला.