कमरेखालचा बहगत

मन्सूरा शहरातल्या पशुवैद्यक कॉलेजात इन्साफ मांजरांच्या नसांचा नकाशा काढायची. मूत्राशयाच्या भिंतीत रंग टोचला की तो नसेतून उलटा चढत पाठकण्यातल्या मज्जारज्जूत पोचतो. मग मज्जारज्जूचे पातळ काप करायचे, सूक्ष्मदर्शकाखाली चमकणारा ठिपका न् ठिपका कागदावर उतरवायचा. शेजारीण खिजवायची, "मांजराच्या मुतात आयुष्य घालवलंस!" इन्साफ म्हणायची, "तुझ्या नवऱ्याचाही रस्ता असाच जातो. काढून दाखवू?"

घरी धाकटा भाऊ खाटेवर. बहगत बांधकामाच्या परांचीवरून पडला आणि कमरेखाली लाकूड झाला. ठेकेदार फिरकलासुद्धा नाही. असले कधी फिरकतात? बहगतची लघवी तुंबायची, ताप चढायचा. आणखी एकदा तुंबली तर मूत्रपिंडं गेलीच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण नळी म्हटली की तो भडकायचा, "नळी लावण्यापेक्षा पुरा मला!"

तान्ह्या पिल्लाला आई शेपटीखाली चाटते तेव्हाच त्याला लघवी होते. मोठेपणी ती वाट झोपी जाते. पण मज्जारज्जू कापलेल्या मांजरांत त्याच बारीक नसा जाड झालेल्या इन्साफला दिसल्या. मेंदूशी तार तुटली होती, तरी खालच्या गल्लीचा कारभार चालू होता. एका दुपारी तिनं तशा मांजरीला शेपटीखाली ओल्या कापसानं पुसलं. मांजरी खिडकीतल्या चिमणीकडे बघत होती. खाली धार लागली. मांजरीनं मान वळवली, स्वतःच्याच मागच्या धडाकडे पाहिलं आणि त्याच्यावर फिसकारली.

त्या संध्याकाळी बहगतला पुन्हा ताप होता, पोट टम्म. इन्साफनं सगळं सांगितलं.

"मी काय मांजराचं पिल्लू आहे, ताई?"

"पिल्लूच. मिशा फुटलेलं."

आई द्राक्षाच्या पानांत भात भरत होती. ती उठली, हात धुतले, कोमट पाण्यात फडकं बुडवलं. "इन्साफ, भिंतीकडे तोंड कर. ह्याला मुतवायला मला कुणी शिकवायला नको."

"यम्मा, लाज वाटते गं."

"गप."

भिंतीकडे तोंड करून उभ्या इन्साफला समोरच्या आरशात फक्त त्याची पावलं दिसत होती. आई "शूऽऽ" करत राहिली. दोन वर्षं न हललेली बोटं सावकाश फाकली, तान्ह्या बाळाची फाकतात तशी. मग पितळी भांड्यात धार वाजली.

"अल्हम्दुलिल्लाह!" आई पुटपुटली.

"मी काही केलं नाही, यम्मा," बहगतचा आवाज चिरकला. "मला कळलंसुद्धा नाही."

"तुला कोण विचारतंय?" आई पायांवरून हात फिरवत म्हणाली. "शहाणं गं माझं बाळ."

ताप उतरला. पुढे आई रोज खोलीत यायची ती थेट पायथ्याशी बसायची, त्याच्या पावलांशीच गुजगोष्टी करायची. बहगत छताकडे बघत पडून राहायचा.

एकदा त्यानं हळूच विचारलं, "ताई, तुझ्या नकाशात ते आईचं बाळ कुठं राहतं?"

इन्साफनं त्याला कुशीवर वळवलं आणि पाठीवरच्या व्रणाखाली बोट टेकवलं.

"दाखव ना," तो म्हणाला. "हात का नाही लावत?"

बोट तिथंच टेकलेलं होतं. तिचं लक्ष त्याच्या पावलांकडे होतं. बोटं फाकत होती.