कुंपणापलीकडचं क्वांग त्री

इथे परदेशात, क्रेगीबर्नला, आमच्या आणि शेजाऱ्यांच्या परसात एक लाकडी कुंपण आहे. जरा टाचा उंचावल्या की पलीकडचं सगळं दिसतं. त्या शनिवारी दुपारी मी कपडे वाळत घालता घालता टाचा उंचावल्या आणि माझं डोकंच फिरलं. माझी नववीतली मुलगी कोपरापर्यंत चिखलात माखून बसली होती. शेजारी तिच्या मैत्रिणीचे व्हिएतनामी आजोबा, आणि दोघांच्या मध्ये एका फळीवर मातीचा लांबट डोंगर.

हीच मुलगी! तीन वर्षांपूर्वी दिवाळीत मी हार्डवेअरच्या दुकानातून मातीच्या गोण्या आणल्या, विटा रचल्या, पोत्याचे तुकडे चिखलात बुडवून त्यांवर अंथरले, आईने पुण्याहून पाठवलेले मावळे खोक्यातून काढले. बाईसाहेब गमबूट घालून दहा मिनिटं उभ्या राहिल्या, "बाबा, इट्स, लाइक, डर्ट," म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. किल्ला मी एकट्याने पुरा केला.

आता शाळेचा प्रोजेक्ट होता. युद्ध पाहिलेली एखादी जागा आणि आज तिथे येणारे पर्यटक, असा विषय. मी अर्थातच सिंहगड सुचवला. ती म्हणाली, "पण बाबा, यू वेअरन्ट देअर." शेजारचे आजोबा होते ना तिथे! झालं, तिने त्यांचा क्वांग त्री प्रांत निवडला.

मग रोज जेवताना क्वांग त्री. पश्चिमेला लाओसच्या सीमेवरचे डोंगर, पूर्वेला समुद्र, मध्ये एवढीशी चिंचोळी पट्टी. तिच्यातून वाहणारी बेन हाय नदी, आणि त्या नदीवर देशाचे झालेले दोन तुकडे. पुलाचा अर्धा भाग एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. दोन्ही काठांवरून कर्णे एकमेकांवर ओरडायचे. आजोबा दक्षिणेच्या काठावर, त्यांची थोरली बहीण लग्न होऊन उत्तरेला. समोरचा काठ दिसायचा, पण वर्षानुवर्षं जाता आलं नाही. बॉम्ब पडायला लागले तेव्हा बहिणीच्या गावाने समुद्राजवळच्या लाल मातीत भुयारं खणली आणि अख्खं गाव खाली राहायला गेलं. तिचं बाळ त्या भुयारातच जन्मलं. आता तिथे बसेस येतात, लोक तिकीट काढून वाकून वाकून फिरतात, बाहेर येऊन शहाळं पितात. आजोबाही म्हातारपणी बहिणीबरोबर तिकीट काढूनच आत गेले.

मी ऐकत होतो आणि जळत होतो. खोटं कशाला बोलू? माणसाच्या एवढ्या मोठ्या दुःखाचाही मला हेवा वाटला. माझ्याकडे सांगायला काय होतं? कोथरूडचा फ्लॅट, इंजिनिअरिंग, व्हिसा. त्यांच्याकडे नदी होती, आणि माझ्या मुलीचे कान होते.

त्यांच्या गॅरेजमध्ये जागा नव्हती म्हणून ती फळी आठवडाभर आमच्या गॅरेजमध्ये, खिडकीखाली आली. दुसऱ्या दिवशी घरी कोणी नसताना मी त्या फळीसमोर उभा राहिलो. काम चोख होतं. भुयारांची समुद्राकडची तोंडं, एकाखाली एक तीन मजले. पण वर सगळं उघडंबोडकं. हात शिवशिवायला लागले. मी स्वयंपाकघरातून अळीव आणले, वरच्या मातीवर पेरले, पाणी शिंपडलं. मग मावळ्यांचं खोकं उघडलं आणि भुयाराच्या प्रत्येक तोंडावर एकेक भालेवाला उभा केला. मला फार बरं वाटलं.

पुढच्या शनिवारी दोघं शेवटचा हात फिरवायला आले. गॅरेजचं दार वर गेलं. डोंगरावर हिरवंगार तरारलं होतं आणि तोंडातोंडावर पहारा होता.

"बाबा! व्हॉट डिड यू डू? तिथे सोल्जर्स नव्हते. फॅमिलीज होत्या! बेबीज होत्या!"

आजोबांनी एकेक मावळा हलक्या हाताने उपटला, शर्टाला पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. मग हिरवळीवरून तळवा फिरवत इंग्रजीत सावकाश म्हणाले, "त्या वर्षांत वर गवताचं पातंसुद्धा नव्हतं. मी गेलो तेव्हा मात्र असंच होतं. हे राहू दे."

एक मावळा उपटताना कडेची माती निखळली होती. खालून पोत्याचा तुकडा डोकावत होता. चिखलात भिजवून, नीट ताणून अंथरलेला.

"हे पोतं?" मी विचारलं.

"आमचं भुयार दोनदा ढासळलं," आजोबा म्हणाले. "मग तुमच्या लेकीने सांगितलं, पोतं घाला, माझे वडील असंच करतात." त्यांनी हाताची माती झटकली. "माझी नात मला काही विचारत नाही. तुमची मुलगी सगळं तुमचं नाव सांगून करते. मला तुमचा राग यायचा."

मुलीने हे ऐकलं की नाही कोण जाणे. ती निखळलेल्या जागेवर अंगठ्याने माती दाबत होती. वर न बघता म्हणाली, "बाबा, थोडं पाणी आण ना. सुकलंय हे. आणि तूच लाव, मला तुझ्यासारखं गुळगुळीत नाही जमत."

मी मावळे खिशात कोंबले आणि पाणी आणायला धावलो.