कडेचं बदक

आपल्याला दुपारची झोप लागतच नाही, असं रांझीच्या भानुमतीकाकू छातीठोकपणे सांगतात. दुसऱ्यांची पोरं झोपवता झोपवता हिची स्वतःची झोप रुसून गेली, असं त्यांचे यजमान बाबाराव म्हणतात. बाबारावांवर मात्र झोप भारी प्रसन्न. खमरियाच्या कारखान्यात सारी नोकरी पाळ्यांमध्ये गेली, त्यामुळे दिवस असो की रात्र, पाठ टेकली की त्यांचं घोरणं सुरू.

काकू मूळच्या पनागरच्या. त्यांचे आजोबा वऱ्हाडातून तिकडे आले आणि भाजीपाला लावून तिथलेच झाले. घरी गाई-म्हशी, कोंबड्या, मागे तळं. कोण कसं झोपतं हे काकूंनी पुस्तकात वाचलं नाही, गोठ्यात आणि तळ्यावर पाहिलं. लग्न होऊन त्या खमरियाच्या क्वार्टरमध्ये आल्या. शेजारपाजारच्या नोकरीवाल्या बाया मुलं त्यांच्याकडे ठेवू लागल्या, आणि बाबाराव निवृत्त होऊन रांझीला घर बांधलं तेव्हा फाटकावर पाळणाघराची, तिकडच्या हिंदीत ‘झूलाघर’ अशी, पाटी चढली. घरात झूला एकही नाही. कोणी विचारलंच तर काकू म्हणतात, “पाटी पेंटरनं लिहिली, त्याला विचारा.”

मुलांना दामटून झोपवणं काकूंना मंजूर नाही. जेवणं झाली की पुढच्या खोलीत लांबलचक सतरंजी पडते आणि ज्याने त्याने आज आपण कोण व्हायचं ते सांगायचं. खार झालेल्या मुलीला काकूंची जुनी ओढणी मिळते, कारण खार शेपटीचीच गोधडी करते. वटवाघळांनी सतरंजीवर पडून पाय भिंतीला लावायचे. उलटं लटकण्याची परवानगी नाही, ते एकदा झालंय आणि पुन्हा होणार नाही. कोंबडीने आधी पायाची बोटं घट्ट मुडपायची, कारण फांदीवर बसली की तिची बोटं आपोआप आवळली जातात आणि झोपेतही ती पडत नाही. घोड्याने उभ्याने डुलकी काढायची, पण रांझीत अजून एकही घोडा फार वेळ टिकलेला नाही. सगळ्यात द्वाड पोराला काकू मासा करतात. माशाला पापण्याच नसतात, म्हणून डोळे अजिबात मिटायचे नाहीत, अशी तंबी देतात. मासे सगळ्यांच्या आधी झोपतात.

अशा या नांदत्या गोठ्यात समृद्धी आली आणि काकूंची विद्या पार लंगडी पडली.

समृद्धी चार वर्षांची. तिची आई चैत्राली अमरावतीहून आलेली, सदर बाजारातल्या एका बँकेत नुकतीच लागलेली. वडील फौजेत, त्यांची बदली दूर सीमेवर झालेली. मायलेकी दोघीच राहत होत्या. पोरगी रडायची नाही, हट्ट करायची नाही, वरणभात मुकाट्याने खायची. फक्त झोपायची नाही. चपला पायात घालून उंबऱ्याशी बसायची आणि फाटकाकडे पाहत राहायची. कोणाचा डोळा लागतो आहे असं दिसलं की जाऊन त्याला हलवायची. “उठ ना. झोपू नको.” मग एक रडे, दुसरं रडे, आणि दुपारचं पार भजं होई.

काकूंनी खार सांगितली. समृद्धीने ऐकून घेतलं आणि विचारलं, “ती झोपते तेव्हा तिची आई कुठं जाते?”

“दाणे आणायला जात असंल,” काकू म्हणाल्या.

“सांगून जाते?”

काकूंनी वटवाघूळ सांगितलं, कोंबडी सांगितली. प्रश्न तोच. पनागरच्या गोठ्यात काकूंनी बरंच काही पाहिलं होतं, पण हे कधी पाहिलं नव्हतं.

हळूहळू इतर मुलांच्या आया कुरकुरू लागल्या. घरी येऊन मुलं चिडचिड करतात, म्हणे. एका संध्याकाळी चैत्राली फाटकाशी थांबली. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

“काकू, रात्रीही अशीच करते. माझा हात धरून जागत बसते. मला बँकेत झोप येऊन राहिली. असंच चाललं तर नोकरी सोडून अमरावतीला परत जावं लागेल. तुम्हीच सांगा, मी काय करू?”

“आधी असं नव्हतं ना?”

“नाही ना. तिचे पापा गेले तेव्हापासून. गाडी दुपारची होती. ती झोपली होती, उठवलं असतं तर रडली असती. म्हणून ते तसेच निघून गेले. सगळे असंच तर करतात नं काकू?”

काकूंनी मान हलवली. सगळे असंच करतात, आणि रांझीत ते शिकवणारी बाई म्हणजे त्या स्वतः. फाटकाशी प्रत्येक नव्या आईला त्यांचा पहिला धडा हाच असे: पोरगं खेळण्यात रमलं की मागच्या मागे सटकायचं, निरोप घेत बसायचं नाही, नाहीतर गोंधळ घालतं. चैत्रालीही रोज सकाळी तशीच सटकत होती. पोरीचा बाप एकदा न सांगता गेला होता. आई रोज जात होती, आणि तिला पळायची वाट दाखवत होत्या काकू.

रात्री जेवताना त्यांनी हे बाबारावांना सांगितलं. बाबारावांनी ताकाची वाटी खाली ठेवली.

“आमच्याकडं तर असं चालतच नव्हतं. बदलीचा माणूस आल्याबिगर मशीन सोडायची नाही. आला की त्याला सांगायचं, मी निघून राहिलो, आता तू पाह्य. न सांगता गेला तर मेमो. लोखंडाच्या मशीनला जे करत होतो, ते पोराला काहून नाही करायचं?”

एवढं शहाणपण बोलून ते हात धुवायला गेले. इतक्या वर्षांत हे आपल्याला का सुचलं नाही, याचा काकूंना मनस्वी राग आला. तो निघाला सकाळी भांड्यांवर.

त्याच सकाळी काकूंनी फाटकात उभं राहून नवा कायदा लावला. कोणी सटकायचं नाही. मुलाला सांगायचं, मी चालले, संध्याकाळी येते, आणि मग जायचं. पहिल्या दिवशी जो आकांत झाला तो विचारू नका. खारी रडल्या, मासे रडले, समृद्धी तर चैत्रालीच्या पायाला मिठी मारून अशी रडली की शेजारचे कुत्रेही भुंकू लागले. चैत्रालीला बँकेत उशीर झाला आणि तिथे ऐकून घ्यावं लागलं. काकूंचंही धैर्य डगमगलं. पण कायदा लावला तो लावला. दुसऱ्या दिवशी रडणं थोडं ओसरलं, आणि त्या आठवड्यातच एका सकाळी समृद्धी उंबऱ्यातून नुसता हात हलवताना दिसली.

झोपायची मात्र अजून नाहीच. चपला पायातच.

त्या दुपारी काकू तिच्या शेजारी उंबऱ्यावरच बसल्या. “आमच्या पनागरच्या तळ्यावर बदकं असायची. रांगेनं झोपायची. मधली दोन्ही डोळे मिटून गाढ. पण कडेचं बदक एकच डोळा मिटायचं, आतल्या बाजूचा. बाहेरच्या बाजूचा उघडा.”

“काहून?”

“पहारा कराले. कोल्हा आला, नाहीतर कोणी उठून चाललं, तर त्याला दिसलं पाहिजे.”

समृद्धी विचारात पडली. “मग ते कधी झोपते?”

“थकलं की दुसऱ्याला उठवते. म्हणते, आता तुझी ड्यूटी. दुसरं कडेला आल्याबिगर ते जागा सोडत नाही.” हे शेवटचं तळ्यावरचं नव्हतं, बाबारावांच्या कारखान्यातलं होतं. पण काकूंना त्याची काही लाज वाटली नाही.

“मी कडेचं बदक,” समृद्धी म्हणाली.

“हो. मग मी मधलं.”

काकू खरोखरच मुलांच्या मध्ये जाऊन आडव्या झाल्या. पोरीला खरं वाटावं म्हणून त्यांनी दोन्ही डोळे मिटले. पंखा फिरत होता, एका बाजूला खार मंद श्वास घेत होती, आणि ज्यांना दुपारची झोप लागतच नाही त्या भानुमतीकाकू ढाराढूर झोपल्या.

जाग आली ती दचकूनच. पहिलं लक्ष उंबऱ्याकडे गेलं, तिथे कोणी नव्हतं. समृद्धी सतरंजीच्या टोकाला बसलेली होती, एका डोळ्यावर हात दाबून, दुसरा ताठ उघडा. सगळी मुलं गाढ झोपलेली. एकालाही तिने हलवलं नव्हतं.

“कोणी नाही गेलं,” तिने हळूच सांगितलं. “आजोबा उठले होते. मी विचारलं, कुठं जाऊन राहिले? तर म्हणे चहा करायला. आणि परत पण आले.” बाबाराव दारात कप घेऊन उभे होते, चेहरा अगदी गंभीर. मग समृद्धीने काकूंचा दंड ओढला. “आजी, आता तुमची ड्यूटी. कोणी जाईन तर मला उठवाल?”

“उठवीन.”

“पक्का?”

“पक्का.”

काकू टोकाला सरकल्या. समृद्धी त्यांच्या जागी आली, बसली, आणि एकेक करून चपला काढल्या. त्या तिने काकूंच्या मांडीवर ठेवल्या. मग कुशीवर वळली आणि काकूंनी पांघरूण घालेपर्यंत झोपलीसुद्धा. काकूंना हसू आलं आणि रडूही आलं. चपला मांडीवर तशाच घेऊन त्या बसून राहिल्या.

संध्याकाळी चैत्राली आली तेव्हा बाकीची मुलं घरी गेली होती. लेकीला झोपलेली पाहून ती दारातच खिळली.

“झोपू द्या तिला, काकू,” ती कुजबुजली. “मी पटकन चौकातून भाजी घेऊन येते.”

“नाही,” काकू म्हणाल्या. “जायचं असंल तर तिला उठवून सांगून जा. मी चार्ज घेतला आहे.”

चैत्राली चौकात गेली नाही. पर्स बाजूला ठेवून लेकीजवळ सतरंजीवर बसली. बाबारावांनी तिला चहा आणून दिला. उजेड फाटकाबाहेर सरकला तरी तिघंही तशीच बसली होती.

बऱ्याच वेळाने समृद्धीने कूस बदलली आणि एक डोळा उघडला. बाहेरच्या बाजूचा. त्या डोळ्याने आधी काकूंना पाहिलं, मग आईला.

“मम्मी? मी तर झोपली होती.”

“हो.”

“तरी तू आली?”

“आले नं,” चैत्राली म्हणाली.

“अच्छा,” समृद्धी म्हणाली, आणि तोही डोळा मिटून घेतला.