नवमीची कॉफी

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर फक्त चुका काढायला वाचल्या. हे लिहितोय म्हणजे माझं मत बदललं, असं कृपया समजू नका. मत तेच आहे... घडलं ते मात्र असं.

आम्ही गोंदियाचे. दोन हजार सालानंतर इकडच्या रिसेप्शनांत कॉफीचं मशीन आलं. नवरदेवाच्या खुर्चीपेक्षा त्याचाच थाट जास्त! माझी बायको वनिता लग्नाला जायची ती त्या कॉफीसाठी. जवळच्याच नागरा गावातल्या एका लग्नात तिनं दोन घोट घेतले आणि वरच्या ओठाचा डावा कोपरा सुजला. मग घसा, मग श्वास. कशीबशी वाचली. रक्त नागपूरला पाठवलं. रिपोर्ट आला – कॉफीची तीव्र अ‍ॅलर्जी. कॉफी सुटली. काही वर्षांनी काविळीनं वनिताही गेली.

तेरवीला तिच्या नावाचं पान वाढलं, तेव्हा तिची मोठी बहीण लीलाबाई कॉफीचा कप घेऊन आली. गेलेल्याच्या आवडीचं ठेवायची आमच्याकडे रीत.

"अहो, तिला चालत नव्हती," मी म्हणालो.

"मेल्यावर कायची अ‍ॅलर्जी जी, भाऊजी? आता तरी पिऊ द्या तिले!"

कप ठेवला... आणि माझ्या वरच्या ओठाचा डावा कोपरा सुजू लागला. मी सकाळपासून पाणीसुद्धा प्यालो नव्हतो.

माझंही रक्त तपासून घेतलं. डॉक्टर खूश – "बधाई हो सर, आपको कोई एलर्जी नहीं!" घरी येऊन मुद्दाम दोन कप कॉफी प्यालो. काही झालं नाही.

त्यानंतर दर पितृपक्षात नवमीला मी स्वतः तिच्या पानाशी कप ठेवू लागलो. ओठ सुजायचा. भीती कधी वाटली नाही. तेवढा वेळ घरात मी एकटा नसायचो.

गेल्या वर्षी कप ठेवला. काहीच नाही. त्या दिवशी स्वयंपाकाला आलेल्या लीलाबाईला पुन्हा कॉफी करायला लावली, साखर वाढवून. तरी नाही. कॉफीवर साय धरली. मी ओठ चाचपत बसून राहिलो.

"काऊन रडून राहिले जी?" लीलाबाई म्हणाली. "सुटली म्हणा ना ती..."

सूज का यायची, हे मला कधीच कळलं नाही. ती का थांबली, हे शोधायला आता कोणाचं रक्त पाठवू?