उत्तमचंदचा ट्रक हद्दीबाहेर जातो

अमळनेरच्या बाजारपेठेत उत्तमचंदचं कापडाचं दुकान होतं, आणि दुकानापेक्षा दुकानामागची खोली जास्त प्रसिद्ध होती. पुढे गिऱ्हाईक लुगड्याचा काठ निरखत असायचं आणि हा मागे पत्रा, डिंक आणि तारांच्या पसाऱ्यात हरवलेला. चाळिशी उलटलेला, धोतर-टोपीतला हा मारवाडी गृहस्थ खेळण्यातल्या मोटारी करतो आणि त्या दुरून, बिनतारी यंत्राने चालवतो, हे गावाला ठाऊक होतं. गाव हसायचं. हसणाऱ्याला तो गाडी चालवून दाखवायचा आणि मग तोच माणूस रस्त्यावर उकिडवा बसून ‘शेठ, परत एकदा!’ म्हणायचा. त्यामुळे हसण्याचा राग त्याने कधी धरला नाही.

त्याचं जुनं यंत्र त्याने स्वतःच जुळवलं होतं. त्याला एकच बटण. एकदा दाबलं की गाडी डावीकडे, दोनदा दाबलं की उजवीकडे, आणि मनात आलं तर कुठेही. एकदा ती हलवायाच्या दुकानात शिरून जिलेबीच्या परातीला धडकली होती. तेव्हा त्याची बायको तारादेवी म्हणाली होती, “गाडी तुमच्यावरच गेली आहे. सांगितलेलं एक, करते भलतंच.”

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. त्या श्रावणात तारादेवीचा भाऊ परदेशातून परतला आणि त्याने मेव्हण्यासाठी नवं यंत्र आणलं. हातात धरायची राखाडी पेटी, तिला दोन दांडे आणि वर लांब ओढायची चकचकीत एरियल. दांडा जेवढा कलवावा तेवढंच चाक वळायचं. थोडा तर थोडं, पुरा तर पुरं. उत्तमचंदने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला अक्षरशः भरून आलं. इतकी वर्षं तो गाडीवर ओरडत होता. आता तिच्याशी बोलता येणार होतं. जळगावहून खास आणलेली रबरी चाकं लावून, दोन वर्षं खपून बनवलेल्या लाकडी ट्रकमध्ये त्याने ते बसवलं. तो शिस्तीचा गडी होता. आधी एरियल मिटून ठेवायची आणि गाडी किती लांबून ऐकते ते बघायचं, हा त्याचा रिवाज. मिटलेल्या एरियलवर ट्रक ओट्यापासून गल्लीच्या निम्म्यापर्यंतच ऐकत होता. एरियल ओढली की थेट जैन साध्वी उतरायच्या त्या स्थानकापर्यंत.

पण त्या दिवसांत त्याचं मन पुरतं ट्रकमध्ये नव्हतं. त्याच्या आईचं, जतनबाईंचं, एक जुनं दुखणं घरात होतं आणि ते गुडघ्यांचं नव्हतं. समोरच्याच घरात, गल्लीच्या पलीकडे, त्यांची धाकटी जाऊ सायरबाई राहायची. दोघी एकेकाळी एका चुलीवर रांधायच्या. मग एका उन्हाळ्यात, भरल्या बायकांत पापड लाटताना, सायरबाईच्या पिठात पापडखार जास्त झालाय असं जतनबाई बोलून गेल्या. वर ‘माहेरी शिकवलं नसेल’ हेही बोलल्या. सायरबाईने लाटणं खाली ठेवलं, ती उठून गेली, आणि त्यानंतर दोघींत शब्द नाही. उत्तमचंद लहानपणी अर्धा या काकीच्याच मांडीवर वाढलेला. त्याला दोन्ही ओट्यांवर जागा होती, आणि त्याला तेच सोसत नव्हतं.

जैनांत पर्युषणाच्या शेवटी संवत्सरी येते. दुसऱ्या दिवशी उपासाचं पारणं करून माणसं घरोघर जातात आणि हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतात. वर्षभरात मन दुखावलं असेल तर क्षमा करा. जतनबाई सगळ्या गावाची क्षमा मागायच्या, पण समोर मात्र उत्तमचंदला पाठवायच्या. “घरच्या सगळ्यांतर्फे म्हण,” एवढंच सांगायच्या. तो जायचा, म्हणायचा. काकी त्याच्या डोक्यावर हात ठेवायची आणि उलट निरोप पाठवायची. तारादेवी एकदा म्हणालीच, “दोघी मिळून तुम्हालाच चालवतात. यंत्रसुद्धा लागत नाही.”

यंदा मात्र गोष्ट निराळी होती. सायरबाईचा मुलगा धुळ्याला स्थायिक झाला होता आणि पारण्याच्या दुसऱ्या दिवशी तो आईला कायमचं तिकडे नेणार होता. अख्खी गल्ली जतनबाईंना म्हणू लागली, आता तरी स्वतः जा. यावर जतनबाईंनी काय करावं? त्या स्थानकात गेल्या आणि तिथल्या साध्वी महासतीजींसमोर हात जोडून त्यांनी नियम घेतला. पर्युषणाचे दिवस आणि वर पारण्याचा दिवस, आपली हद्द म्हणजे घर, ओटा आणि स्थानकाची वाट. गटाराच्या फरशीपलीकडे, समोरच्या बाजूला, पाऊल नाही.

उत्तमचंदला हसावं की रडावं कळेना. “बाई, मग मी जाऊन येतो, नेहमीसारखा,” तो म्हणाला. आईला घरात सगळे बाईच म्हणत.

“तेही नाही,” जतनबाई म्हणाल्या. त्यांना व्रताचे बारकावे तोंडपाठ होते. “हद्दीबाहेर आपण जायचं नाही, माणूस धाडायचा नाही, वस्तू धाडायची नाही, हाक मारायची नाही. नुसता खडा टाकून कुणाचं लक्ष वेधलं तरी दोष लागतो.”

पारण्याची सकाळ उजाडली. मुगाचं पाणी घेऊन जतनबाई ओट्यावर खांबाला टेकून बसल्या. लोक येत होते, हात जोडत होते, जात होते. समोरच्या ओट्यावर सायरबाईही तशीच बसलेली. तिच्या मागे दारात बांधलेल्या वळकट्या आणि पितळेचे डबे दिसत होते. येणारी माणसं एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर जात होती, आणि मधली गल्ली तेवढी ओलांडायची राहत होती ती या दोघींनाच. उत्तमचंदला ते बघवेना. काहीतरी करायला हवं म्हणून त्याने ट्रक बाहेर काढला आणि आईच्या शेजारी बसून ओट्याखाली फिरवू लागला.

जतनबाईंनी आधी तोंड फिरवलं. मग एका डोळ्याने पाहिलं. मग म्हणाल्या, “वळवताना किती झटका देतोस रे. हळू घे की.”

“तुम्हीच घ्या ना, बाई.”

“मला काय कळतंय त्यातलं?” असं म्हणत त्यांनी पेटी घेतलीसुद्धा. एरियल पदरात अडकली तशी त्यांनी ती एका फटक्यात मिटून टाकली. आणि काय सांगावं! कागदासारखा पापड लाटणारा तो हात. ट्रक खांबाला वळसा घालून आला, चपलांच्या दोन जोडांमधून निघाला, मागे सरला, पुन्हा पुढे आला. म्हातारीच्या चेहऱ्यावरचे सगळे उपास उतरले. गल्लीतली माणसं थांबून बघायला लागली. समोर सायरबाईही मान उंच करून पाहत होती, हे उत्तमचंदने टिपलं. जतनबाईंनी टिपलं नाही. त्या रंगल्या होत्या. ट्रक गटाराच्या फरशीवर चढला, फरशी ओलांडली आणि गल्लीत उतरला.

गल्लीच्या मध्यावर त्याची चाकं थरथरली आणि तो थांबला.

“चालेना की रे,” जतनबाई दांडे हलवत म्हणाल्या.

का चालत नाही ते उत्तमचंदला नेमकं माहीत होतं. एरियल ओढली की झालं. किंवा चार पावलं जाऊन ट्रक उचलून आणला की झालं. त्याने चप्पल शोधायला पाय खाली सोडलाही. पण तेवढ्यात त्याने समोर पाहिलं. सायरबाई आपल्या ओट्याच्या अगदी कडेला आली होती आणि तिथेच अडल्यासारखी उभी होती. उत्तमचंदने पाय परत वर घेतला.

वरच्या अंगाने बैलगाडी येत होती. अभिमन नावाचा शेतकरी तेलाच्या गिरणीला सरकीची पोती घेऊन निघाला होता आणि पोत्यांवर बसून डुलकी काढत होता. बैल सवयीने चालत होते.

“उत्तम, जा ना, उचल तो!” जतनबाई म्हणाल्या.

“पायाला मुंग्या आल्यात, बाई.” क्षमा मागण्याच्या दिवशी त्याने आईला धडधडीत थाप मारली. दोन वर्षांची मेहनत गल्लीत पडली होती आणि तो गप्प बसला होता.

गाडी जवळ आली. जतनबाईंना राहवलं नाही. “सायर!” त्या ओरडल्या. “अगं सायर, उचल तो ट्रक!”

समोरून सायरबाईचा आवाज आला, रडवेला. “कशी येऊ, जीजी? माझाही नियम आहे. ओट्याखाली उतरायचं नाही.”

“तू कधी घेतलास?”

“तुम्ही घेतलात ते कळलं, त्याच दिवशी.”

अभिमन दचकून जागा झाला आणि आपल्या अहिराणीत ओरडला. “ओ शेठ! हाई काय पडेल शे वाटमा? मना बैल बुजतीन ना!” त्याने कासरा ओढला, पण भरलेली गाडी अशी जागच्या जागी थांबते थोडीच? सायरबाई धावली. नियम, गुडघे, वय, सगळं ओट्यावर ठेवून ती खाली उतरली आणि ट्रककडे वाकली. डावीकडचा बैल बुजला आणि त्याने शिंगं हलवली.

“सायर, मागे हो! मारका दिसतोय तो!” जतनबाई कशा उठल्या, फरशी कधी ओलांडली, हे त्यांनाही पुढे कधी सांगता आलं नाही. त्यांनी जावेचा दंड धरून तिला बाजूला ओढलं. गाडीचं लोखंडी चाक ट्रकवरून गेलं. लाकूड कडाडलं.

त्या दोघींनी तिकडे पाहिलंदेखील नाही. जतनबाईंचा हात अजून जावेच्या दंडावरच होता. त्यांनी तो सोडला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या, “मिच्छामि दुक्कडं, सायर.”

“दरवर्षी मिळत होतं की, जीजी. उत्तम आणून देत होता.”

“ते उत्तमचं होतं. हे माझं आहे.”

सायरबाईने जोडलेले ते हात आपल्या हातांत धरले आणि रस्त्यात, सगळ्यांदेखत, ती लहान मुलीसारखी रडली. जतनबाईही रडल्या. मग दोघी एकमेकींना धरून सायरबाईच्या घरात गेल्या. मोडलेल्या नियमाबद्दल महासतीजींपुढे काय सांगायचं, ते त्या जाता जाताच ठरवत होत्या.

अभिमन खाली उतरून ओशाळा उभा होता. “तुमनं नुकसान व्हयनं ना शेठ?”

“नाही,” उत्तमचंद म्हणाला. डोळे पुसत त्याने ट्रकचे तुकडे धोतराच्या सोग्यात गोळा केले.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या एसटीला ही गर्दी होती. सायरबाईला खिडकीजवळ जागा मिळाली. जतनबाई मुलाचा हात धरून स्टँडपर्यंत चालत आल्या होत्या. गुडघे दुखत असूनही त्यांनी टांगा नको म्हटलं होतं. त्यांच्याजवळ शेवेचा डबा होता. खिडकी उंच, त्यांचा हात पोचेना. कंडक्टरने घंटी दिली तसा उत्तमचंदने नेहमीच्या सवयीने डब्यासाठी हात पुढे केला.

जतनबाईंनी डबा बाजूला घेतला. “तू राहू दे,” त्या म्हणाल्या. मग टाचा उचलल्या, एसटीच्या पत्र्याला एक हात टेकला आणि दुसऱ्या हाताने डबा वर धरला. वरून सायरबाईही खिडकीतून जेवढं वाकता येईल तेवढं वाकली.