चंद्राबाईंची पहिली तबकडी

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, पाटणकर बाजारातल्या धुमाळांच्या दुकानात ग्रामोफोनचा बाजा बिघडला म्हणून आलेला माणूस संभाजीरावांकडे जाई आणि रेकॉर्ड घेऊन आलेला माणूस थेट त्यांच्या पत्नी कुसुमताईंसमोर उभा राही. रियासत मध्यभारतात विलीन झाली, ग्वाल्हेरचं सैन्य हिंदी फौजेत मिळालं, तेव्हा रिसाल्यातले संभाजीराव अधू गुडघ्यामुळे घरी परतले. रिसाल्याच्या मेसमधला ग्रामोफोन तेच दुरुस्त करत असत. तेवढ्या हुन्नरावर त्यांनी दुकान टाकलं. त्यांचा सगळा जीव स्प्रिंगा आणि दातेरी चाकांत. गाण्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. तबकडी लावायची ती बाजा नीट फिरतोय की नाही हे बघायला.

त्या दिवसांत लश्करात घरोघरी आवराआवर चालली होती. कुणाची जहागीर गेली, कुणाची नोकरी गेली, कुणी पुण्याकडे निघालं. दुकानात जुन्या रेकॉर्डींचे गठ्ठेच्या गठ्ठे येऊन पडू लागले. नवरा त्यांच्याकडे ढुंकूनही बघेना, म्हणून कुसुमताईंनी ते पुसायला घेतले. पुसता पुसता एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की, एकाच गाण्याच्या दोन तबकड्या सारख्या नाहीत. लेबल तेच, नंबर तोच, पण एकीत गाणाऱ्या बाई तान घेऊन समेवर येतात आणि दुसरीत त्याच जागी नुसत्याच थांबतात.

त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. लेबलावरचं इंग्रजी त्यांनी दुकानातच, एकेक अक्षर जुळवत शिकून घेतलं. लेबल आणि शेवटची रेघ यांच्यामध्ये तबकडीचा एक गुळगुळीत पट्टा असतो. तिथे कारखान्यात बारीक आकडे कोरलेले असतात. गाणं दुसऱ्यांदा गाऊन घेतलं असेल तर लेबलावरचा नंबर तोच राहतो, हा आकडा मात्र बदलतो. पुढे विजेच्या यंत्रावर गाणी घेऊ लागले तेव्हा कंपनीने आकड्याशेजारी छोटा त्रिकोण कोरायला सुरुवात केली. त्याआधीची सगळी गाणी भोंग्यात तोंड घालून गायलेली. हे सगळं कुसुमताईंना कुणी सांगितलं नव्हतं. शेकडो तबकड्या उजेडात तिरप्या धरून, शेजारी शेजारी लावून त्यांनी ते स्वतः ताडलं होतं. पुढे पुढे तर काठावरून अंगठा फिरवला, तबकडी तळहातावर तोलली, तरी त्या सांगत की ही जुन्या दाबाची, म्हणजे कारखान्यात आधी दाबून काढलेली आहे की नंतरची.

बिर्लानगरचे मिल कामगार सुट्टीच्या दिवशी येत. विचारत, "बाईसाहब, ये असली है?"

"असली दोनों हैं, भैया. पहली कौन-सी है, ये पूछो."

हे सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा. आपल्याला एक गोष्ट येते आणि ती पक्की येते, हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यात त्यांना काही लपवावंसं वाटत नसे.

दुकानासमोरच्या बाकावर उमाजीबाबा येऊन बसत. दरबारच्या कलावंतांमध्ये ते तबला वाजवत असत. दरबार गेला, मंडळी पांगली, बोटं आखडली. बाबांची एक गोष्ट सगळ्या बाजाराला पाठ होती. तरुणपणी ते गायिका चंद्राबाईंबरोबर रेकॉर्ड करायला दिल्लीला गेले होते. तिथे एका कोठीत भोंग्यासमोर बाईंनी खमाजातली ठुमरी गायली, बाबांनी साथ केली, आणि शेवटी बाई रेकॉर्डवरच "शाबास, उमाजी" म्हणाल्या.

पंचाईत अशी की, ती ठुमरी लश्करात घरोघरी होती आणि तिच्यात असलं काहीच नव्हतं. जयसिंहराव म्हणून रिसाल्यातले निवृत्त जमादार रोज संध्याकाळी बाजारात येत. ते हसत हसत म्हणत, "बाबा, कालच परत ऐकली. बाईंनी तुमचं नाव काही घेतलं नाही बुवा."

एकदा बाबांनी कुसुमताईंनाच ती लावायला सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि सुई उचलली. बाबा बाकावर बसून तोंडाने तबल्याचे बोल म्हणत, ते त्यांच्या कानात बसले होते.

"बाबा, हा हात तुमचा नाही."

"तेच तर सांगतोय, सूनबाई. ती ही नव्हे."

नातं काही नव्हतं, पण बाबा त्यांना सूनबाईच म्हणत. कुसुमताईंनी तबकडी उजेडात तिरपी केली. आकड्याशेजारी त्रिकोण होता. म्हणजे ही विजेच्या यंत्रावरची, आणि बाबा तर भोंग्याची गोष्ट सांगत होते.

"मग दुसरी असणार," त्या म्हणाल्या. "हिच्या आधीची."

त्या दिवसापासून दुकानात आलेल्या प्रत्येक गठ्ठ्यात त्या आधी चंद्राबाईंचं नाव शोधू लागल्या. ठुमरी पुष्कळदा सापडली, दर वेळी त्रिकोणाचीच. बाबा विचारत नसत. नुसते बघत. पुढे पुढे त्यांनी ती गोष्ट सांगणंही सोडून दिलं.

मग छप्पन साल आलं. मध्यभारत मोडून नवा प्रदेश होणार, राजधानी भोपाळला जाणार हे ठरलं आणि लश्करातल्या कारकून मंडळींची बिऱ्हाडं हलू लागली. सचिवालयातले मधुसूदन सप्रे यांचीही बदली झाली. त्यांच्या पत्नी इंदुताई एका दुपारी टांग्यातून रेकॉर्डींची पेटी घेऊन आल्या.

"मामंजींच्या आहेत," त्या म्हणाल्या. "लाखेच्या वस्तू. भोपाळपर्यंत काय टिकणार? तुम्हीच ठेवून घ्या."

कुसुमताई एकेक तबकडी काढून बघू लागल्या. पेटीच्या तळाशी चंद्राबाईंची ठुमरी होती. काठाचा टवका उडालेला. त्यांनी सवयीने ती तिरपी केली. आकडा वेगळा होता. त्रिकोण नव्हता. त्यांनी जागा बदलली, दाराशी येऊन पुन्हा पाहिलं. मऊ फडक्याने तो पट्टा पुसला आणि परत पाहिलं. संभाजीरावांनी मान वर करून विचारलं, "काय गं?"

"बाजा मोकळा करा जरा."

त्यांनी नवी सुई बसवली आणि टवक्याच्या पुढे, हलक्या हाताने टेकवली. आवाज दूर विहिरीतून यावा तसा आला. खरखर फार होती. पण गाणं तेच होतं आणि तबला निराळा होता. ठुमरी संपली, तबल्याची तिहाई पडली, आणि खरखरीत बाई काहीतरी बोलल्या.

कुसुमताईंनी ऐकलं होतं. पण मनात आधीपासून असलेलंच आपण ऐकलं की काय, अशी शंका त्यांना आली. त्यांनी इंदुताईंना विचारलं, "शेवटी काय म्हणाल्या हो बाई?"

"शाबास उमाजी, असंच ना?" इंदुताई म्हणाल्या. "हे उमाजी कोण?"

संभाजीराव उठले. गुडघ्याची तक्रार न करता इंदुताईंच्याच टांग्यात चढले आणि बाबांना घरून घेऊन आले. टांग्यात त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं, पण संभाजीराव दुपारचं काम टाकून आले म्हटल्यावर बाबा काय ते समजले होते. बाजारात बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुकानापुढे माणसं जमली. जयसिंहराव दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

तबकडी फिरू लागली तशी बाबांची आखडलेली बोटं गुडघ्यावर चालू लागली. शेवट आला. "शाबास, उमाजी."

"डग्गा कमी येतोय," बाबा म्हणाले. "रेकॉर्डवाल्या साहेबाने मला भोंग्यापासून लांब बसवलं होतं. म्हणे, तबला गाण्यावर चढतोय."

जयसिंहराव पुढे आले. "बाबा, माझी चूक झाली."

"तुमची कसली चूक? तुम्ही ऐकलीत तिच्यात नव्हतंच." मग बाबा कुसुमताईंकडे वळले. त्यांचा आवाज खाली आला. "सूनबाई, खरं सांगू? अलीकडे मलाच वाटायला लागलं होतं की बाईंनी नाव घेतलंच नसेल. मीच मनाने रचलं असेल. तू एकटी शोधत राहिलीस."

कुसुमताईंनी सुई उचलली आणि तबकडी पुसायला घेतली. पण त्या सबंध बाजारात आज आपल्याइतकं ताठ कुणी उभं नाही, हे त्यांना जाणवत होतं.

इंदुताईंपाशी त्यांनी आडपडदा ठेवला नाही. ही पहिल्या दाबाची आहे, दुसरी आपण कधी पाहिलेली नाही, ही तुम्ही जपून भोपाळला न्या, असं सांगून टाकलं. इंदुताईंनी तबकडी परत त्यांच्याकडे सरकवली.

"भोपाळला हे नाव कुणाला कळणार?" त्या म्हणाल्या. "हिचा माणूस इथे आहे. इथेच राहू द्या."

बाबांच्या घरी बाजा नव्हता, म्हणून ती दुकानातच राहिली. पुढच्या वर्षभरात बाबांकडे मुलं शिकायला येऊ लागली. दिल्लीला आपण साथ कशी केली ते बाबा पुन्हा सांगू लागले आणि आता कुणी अडवत नसे. कुसुमताईंकडे इंदूरहून, एकदा तर थेट नागपुराहून, तबकड्यांचे शौकीन आले. आणलेली रेकॉर्ड त्यांच्या हातात देत आणि त्या काय म्हणतात याची वाट बघत उभे राहत. कुणाची नंतरची निघाली तर त्या तसं सांगत, आणि ती का नंतरची, तेही दाखवत. गप्प बसून मोठेपणा मिरवावा, असा त्यांचा स्वभाव नव्हता.

पुढच्या दिवाळीत इंदुताई लश्करला माहेरी आल्या त्या भोपाळच्या दोन शेजारणींना बरोबर घेऊन दुकानात आल्या. तिथल्या चाळीत त्यांनी ही हकीकत सगळ्यांना ऐकवली होती आणि कुणी म्हणे विश्वास ठेवत नव्हतं. बाबा बाकावर होतेच. कुसुमताईंनी दोन्ही ठुमऱ्या काढल्या आणि शेजारणींच्या हातात एकेक दिली.

"उजेडाकडे धरा," त्या म्हणाल्या. "अशी तिरपी. आता मला सांगा, काय फरक दिसतो?"